खळ

मी मल्लेशाम नरसय्या बोद्दूल,
वय अठ्ठावन्न, धंदा चहा,
राहणार अशोक चौकाच्या मागं.
हे मला पाठ आहे,
एकोणीस वेळा लिहून दिलंय.
ठाण्यासमोर गाडा लावणाऱ्यानं
दोन गोष्टी उधार द्यायच्या असतात,
चहा आणि सही.

खडतरे हवालदार वाईट माणूस नव्हता.
मुलगी बारावीला. गुडघे दुखायचे.
रात्रपाळी संपली की बाकड्यावर बसून म्हणायचा,
मल्लेश, एक पंचनामा आहे, इथंच करू.
इथंच म्हणजे खारीच्या बरणीशेजारी.
"आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून..."
समक्ष उकळणारं दूध होतं.
मी हात पुसायचो, सही करायचो.
कधी कागदावर बशीचा गोल उमटायचा,
तेवढाच त्यातला खरा.

विसावा परशा.
परशुराम यल्लप्पा जाधव, वय बावीस, राहणार सेटलमेंट.
त्याच्या पणजोबाच्या वेळी तिथं तारेचं कुंपण होतं,
दिवसातून दोनदा हजेरी.
तार कधीच काढली म्हणतात.
पण पत्ता लिहून झाला
की हवालदाराचं पेन पुढचं आपोआप लिहायचं:
एक पितळी डबा, एक चादर,
चादर सहा महिने वापरातली.

दीड वर्षानं समन्स आलं.
मे महिना, कोर्टातला पंखा गरमच हवा ढवळत होता.
परशा शर्टाचं तुटलेलं बटण हातानं झाकून उभा.
त्याला सरकारनं दिलेला वकील, पोरगाच,
फाईलमध्ये भलत्याच आरोपीचं नाव वाचत होता.
सरकारी वकीलबाईंनी सील फोडलं.
सुतळी, लाख, माझ्या सहीची चिठ्ठी.
हीच का ती चादर?

नुसतं हो म्हणायचं होतं.
पण त्यांनी ती माझ्या हातात दिली.

बाई, मी एकतीस वर्षं माग चालवलाय.
कान मागानं खाल्ले, डावा अजून आतून खटखटतो.
बोटं तेवढी ठेवली.
आणि बोटांना कळलं,
ही अजून पाण्यात गेलेली नाही.
खळ तशीच, करकरीत,
चिंचोक्याचा वास.
सहा महिने पांघरलेली चादर अशी नसते.
ती मऊ पडते, पायाकडे विरते,
झोपणाऱ्याची कूस शिकते.

मी म्हणालो, ही नवी आहे.
हो की नाही, तेवढंच सांगा.
म्हणालो, ही दुकानातनं आलीय, कुणाच्या घरातनं नाही.
कोणी आणली, ते कुणी विचारलं नाही.
खडतरे आपल्या बुटांकडं बघत होता.
पंचनाम्यावर सही तुमची?
माझी.
बघून केलीत?
इथं मी थांबलो.
समोरच्या बाटलीतलं पाणी प्यावंसं वाटलं,
पण ते मॅजिस्ट्रेटसाहेबांचं होतं.
न बघता केली, म्हणालो.

वकीलबाई उभ्या राहिल्या.
साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं.

न बघता सही करत होतो
तोवर कागदावर मी "प्रतिष्ठित इसम" होतो.
हात लावून, वास घेऊन बोललो
आणि फितूर झालो.
घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठी मी कारखान्यात शिकलो,
शब्दाचा अर्थ मला नीट कळला नसेल.

परशाला पुढची तारीख पडली.
जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
का पाहावं?
त्याच्या दीड वर्षावर सही माझीच आहे.

दुसऱ्या दिवशी खडतरे आला.
बाकड्यावर बसला, गुडघा चोळला,
चहा संपवला,
आणि पहिल्यांदाच दहाची नोट ठेवली.
मी उरलेले पैसे दिले.
त्यानं मोजून घेतले.

एकोणिसांपैकी चार नावं आठवतात.
पाचवी एक विडीवाली होती,
नाव गेलं, सूप आठवतं.
सुपात निम्म्या वळलेल्या विड्या होत्या,
त्याही मुद्देमालात लिहिल्या,
किती नग ते
मी विचारलं नव्हतं.