पाहता आले नाही

घर पाहावं बांधून, म्हणतात आपल्याकडे.
बांधलेलं कसं पाहावं, याची म्हण नाही.
म्हणून सातशे पाउंड भरून बोलावलं मिस्टर बेबिंग्टनना,
स्टोकच्या या उतरत्या गल्लीत:
अठराशे शहाण्णवची वीट,
दोन खोल्या खाली, दोन वर,
खिडकीत गुलाबी जिरेनियम.
श्रीरंग म्हणाला, कशाला? दिसतंय की घर समोर.

त्यांच्याकडे शिडी, टॉर्च
आणि दोन सुयांचं एक यंत्र.
सुया भिंतीला टेकवल्या की आकडा उमटतो.
चौदा. पंधरा.
मागच्या दाराशी एकोणतीस.

मी इस्पितळात हृदयांचे इको काढते,
दिवसाला अकरा.
अंधारी खोली, थंड जेल,
पडद्यावर भिंतींची जाडी, मिलिमीटरमध्ये.
त्यांच्या मागे मागे जिना चढताना
मला आपल्याच धंद्यातलं कुणी भेटल्यासारखं झालं.

"डक," ते म्हणाले,
इथे सगळ्यांनाच प्रेमानं बदक म्हणतात,
"या कोपऱ्याचा वास घे."
घेतला.
वरून ताज्या रंगाचा,
आतून ओल्या पोत्याचा.

अहवाल आला एकसष्ट पानांचा.
हिरवे पुष्कळ, पिवळे अकरा, लाल तीन.
स्लेटी सरकल्यात.
गल्लीखाली कोळशाच्या जुन्या खाणी, नकाशे वेगळे मागवा.
आणि पान चौतीस:
चिमणीचा खांब तळमजल्यावर फोडून काढलेला.
वरच्या मजल्यावरही.
माळ्यावर मात्र शाबूत.

चिमणी म्हटलं की मला अजूनही
काहीतरी हलकं, मुठीत मावणारं आठवतं.
ही दीड टनाची.
वर उभी, खाली काही नसताना.
"आधार आढळला नाही."

शहात्तरच्या उन्हाळ्यात काढला म्हणे खांब.
मिसेस कोलक्लफना जुळी झाली,
दोन पाळणे मावेनात,
तेव्हा रॉननं घण आणला आणि दोन रविवारांत जागा केली.
जुळी आता कॅनडात आणि क्रू गावात.
रॉन नाही.
बाई अजून त्याच खोलीत झोपतात.

मी फोन करून विचारलं, कधी पडेल?
बेबिंग्टन थोडं थांबले.
"आजवर पडलेली नाही,
एवढंच मला लिहिता येतं."
हेच वाक्य मी रोज म्हणते,
गाऊनची नाडी बांधून देताना,
जरा वेगळ्या शब्दांत.

शेवटच्या पानावर एक यादी होती.
गालिचा खिळ्यांनी ठोकलेला, खालची फळी पाहता आली नाही.
कपाट हलवता आलं नाही, मागची भिंत पाहता आली नाही.
जमिनीखालचे नळ,
पाहता आले नाहीत.
श्रीरंग म्हणाला, याचे सातशे?
मी म्हटलं, फक्त याचेच दिले असते.
तू मला पाहायला आलास तेव्हा
पाऊण तास होतास, दोनदा चहा झाला,
माळ्यावर कोण चढलं होतं?
तो हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

नऊ हजार कमी झाले. पोलादी तुळई ठरली.
मिसेस कोलक्लफ म्हणाल्या,
रॉननं केलंय, ते पक्कंच असणार.
आणि वर पाहिलं.
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं मला वाटलं,
पण ते काही मला मोजता येत नाही.

पंधरा दिवसांनी पडद्यांची मापं घ्यायला गेले.
पलंग खिडकीशी ओढलेला होता,
एकट्यानं ओढल्यासारखा, तिरका.
आणि गालिच्यावर, जुन्या जागी,
चार पायांचे चार खोल खळगे,
त्यांच्यातला रंग अजून नवा.