पुढचा सेन्सर

खळदकर आले ते डायरी घेऊनच.
राखाडी वॅगन आर, चौदा वर्षांची,
प्रत्येक लिटर तारीखवार मांडलेला.
खडकीच्या कारखान्यात हिशोब खात्याला होते.
"गेल्या दिवाळीपर्यंत सतरा देत होती. आता तेरा.
बाणेरचा गॅरेजवाला म्हणतो दोन्ही सेन्सर बदला, अकरा हजार.
मी म्हटलं, आधी दाखव.
त्यानं कोटेशन दाखवलं."

माझा स्कॅनर तपकीर गल्लीतला,
काचेला तडा, पण नजर शाबूत.
स्टिअरिंगखाली हात घालून चाचपत पोर्ट शोधलं,
प्लग बसला आणि पडद्यावर उमटलं:
मिश्रण पातळ, बँक एक.
खळदकरांनी लगेच पेन उघडलं.
"थांबा काका. कोड म्हणजे फिर्याद,
निकाल नव्हे."

इंजिन तापू दिलं.
धायरी फाट्यावर सहाची वेळ, हॉर्नवर हॉर्न,
तन्वीरनं शटर अर्धं ओढलं
आणि पाय अडीच हजारावर धरला.
पुढच्या सेन्सरची रेघ तळाशी सरपटत होती,
शून्य पॉइंट एक, एक, दोन, एक,
हवा फार आहे, हवा फार आहे,
आणि कॉम्प्युटर भाबडा, ऐकून ऐकून
बावीस टक्के जास्त पेट्रोल ओतत होता.
हेच ते डायरीतले चार किलोमीटर.

तन्वीरनं एअर फिल्टरच्या तोंडाशी
गॅसचं नळकांडं धरलं, चिमूटभर सोडलं.
पापणी लवायच्या आत रेघ नऊवर.
नळकांडं बाजूला, रेघ पुन्हा तळाशी.
"जिवंत आहे," मी म्हणाले. "तरतरीत आहे."
"मग खोटं कोण बोलतंय?"
"कोणीच नाही. गाडी ठेवून जा. गार झाली की बघू."

सकाळी सायलेन्सरला उलटा ब्लोअर लावला,
भांड्यांच्या साबणाचं पाणी शिंपडत गेले
आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी, सेन्सरच्या वीतभर आधी,
फेसाचं एक बोंड फुगलं, फुटलं, फुगलं.
तिथून बाहेरची हवा आत शिरत होती.
सेन्सरनं पाहिलं तेवढंच सांगितलं होतं.
सांगणाऱ्यालाच बदलायला निघाले होते सगळे.

गॅस्केट बसवलं. कोड पुसला.
खळदकर स्टुलावर, स्कॅनर त्यांच्या मांडीवर.
आता रेघ नाचायला लागली,
एक, आठ, दोन, नऊ, एक, आठ,
वर खाली, वर खाली, दम न घेता.
त्यांचा चेहरा उतरला.
"अहो, हे असं का उडतंय? बिघडलं ना परत?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात तेच बोलले, पडद्याकडे बघत:
"एकवीस सालच्या मे महिन्यात
हॉस्पिटलबाहेर याच गाडीत बसून असायचो.
दर दोन तासांनी सिस्टर फोनवर आकडा सांगायची.
ब्याण्णव. ब्याण्णव.
आकडा हलला नाही की मला झोप लागायची."

तन्वीरनं रेडिओ बारीक केला.
मी पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले,
पाना स्वच्छ झाल्यावरही.

मग म्हणाले, "पुढच्यानं हलायचंच असतं, काका.
बरोब्बर मिश्रणावर कुणी मुक्काम करत नाही,
या टोकाकडून त्या टोकाला जाताना
ते वाटेत लागतं, एवढंच.
एका जागी थांबला, तर..."
वाक्य मी तिथंच सोडलं.
"आणि मागचा बघा. दुसरी रेघ.
पॉइंट सातवर, जवळजवळ सपाट.
पुढचा एवढा धावतो म्हणून हा निवांत."

बराच वेळ ते दोन्ही रेघा बघत बसले.
बाहेर कुणीतरी पंक्चरसाठी हाका मारत होतं.
मग डायरी उघडली, पट्टी लावून रेघ ओढली:
गॅस्केट, तीनशे चाळीस.
मजुरी, सहाशे.
साबण, असं लिहून खोडलं, हसले.

शेरा या रकान्यात
पेन जरा अडखळलं.
मग बारीक, घोटीव अक्षरात लिहिलं:
पुढचा अस्थिर. ठीक आहे.