गाळी

चोर्ल्याच्या प्रत्येक वळणावर गाडी कण्हायची,
डावीकडे जरा जास्तच.
मी रेडिओ मोठा केला.
घाट संपला, कण्हणं राहिलं.

उद्यमबागेत दस्तगीरनं बॉनेटखाली कान नेला.
पोराला म्हणाला, "गाळी होक्कैती."
मग माझ्याकडे वळून,
"हवा शिरलीया आत.
पट्टा बरा हाय, पंपबी.
तेल तेवढं उतरलंय."

होजची क्लिप सैल. चाळीस रुपये.
तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर घेतली,
आणि मलाच बसवलं सीटवर:
इंजिन बंद,
स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला,
सावकाश, वीसदा.

डबीत बुडबुडे येत राहिले,
दूध उतू जायच्या आधी येतात तसे.

अठराव्या फेरीला थांबले.
मी हात काढले.
तो डबीतच बघत होता:
"अजून दोन."