पी ए पी

नेरूळच्या तपासणी केंद्रात मी रिपोर्ट टाइप करते.
ही तीन अक्षरं दिवसातून वीसेकदा
बोटांखालून जातात
आणि मी त्यांना कधी विचारत नाही,
आज कोणाकडून आलात म्हणून.

घरी मात्र ती माझ्याआधीपासून राहतात.
लोखंडी कपाटात, वरच्या खणात,
प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या दाखल्यावर :
हसुराम जोमा घरत, पी ए पी.
म्हणजे प्रकल्पग्रस्त.
म्हणजे सर्व्हे नंबर गेला, माणूस उरला,
त्या उरलेल्याला काहीतरी म्हणायला हवं होतं.

बाबा रात्रशाळेत इंग्रजी मुळाक्षरं शिकले
आणि स्वतःहून पहिल्यांदा वाचलं ते हेच.
पीला प, एला आ, पीला प.
खूप वेळ कागद डोळ्यांशी धरून होते.
मग म्हणाले, "कोनाचा पाप गो बाय?"

मागच्या महिन्यात बायकांचं शिबिर होतं.
दिवाळ्याच्या द्वारकाबाई मढवी
मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत आल्या.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, पॅप झालंय का आधी?
"झालाय ना. कवाच."
कमरेच्या पिशवीतून घडी निघाली,
तिच्यावर सिडकोचा गोल शिक्का.
पोरगी हसली. मीही, थोडंसं.
म्हटलं, मावशी, हा पॅप वेगळा,
पिशवीच्या तोंडाशी काही वाढतंय का,
तेवढं फक्त बघायचंय.
त्या म्हणाल्या, "तवा बी आसंच बोल्ले व्हते,
फकस्त मोजून बगतो."

(आमच्या समोरच्या टॉवरमधले दिवेकर
नाकाला नळी लावून झोपतात.
त्या यंत्राच्या नावातही हीच तीन, पुढे एक सी.
ते जाऊ दे.)

काल बाबांचा इको झाला.
मीच टाइप केला. वय एकोणऐंशी,
आणि खालून चौथ्या ओळीत
पी ए पी, बावन्न.
फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब.
असावा त्याहून बराच वर.
बोटं सवयीनं पुढच्या ओळीवर गेली,
मग मागे आली.

कागद हातात घेतल्याबरोबर त्यांनी अक्षरं ओळखली.
चेहरा उजळला.
"परत? आता कवरा प्लॉट देतील?"

सांगितलं.
ऐकून घेतलं त्यांनी, पंख्याकडे बघत.
माझ्या हातातलं पेन घेतलं, पाकिटाच्या पाठीवर
प, आ, प, सुटं सुटं लिहिलं, एकाखाली एक,
आणि कोंडीतून फावडं ओढावं तसं
प्रत्येक अक्षर पुढे ओढत नेलं :

पानी
आटला
पांढरा

"आमच्या आगरान यवराच व्हता," म्हणाले.

पेन परत दिलं.
आणि अंगठा लेंग्याला पुसला,
शाई लागली नव्हती तरी.