सगुणाबाईचं बक्षीस

मंडईच्या रात्री माझं काम एवढंच:
स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या दोरीखाली बसायचं
आणि लोकांनी दिलेलं बक्षीस माईकवर सांगायचं.
अकरा रुपये असोत की पाचशे एक,
आवाज सारखाच लावायचा, ही आपली रीत.
सतरा हंगाम झाले. वही तीच, लाल कापडाची.

त्या साली तिसऱ्या अंकाआधी
निकेश गेडामनं ऑर्गनवाल्याला चहाला पाठवलं
आणि लॅपटॉपवरून एक धून सोडली.
शब्द नाही, तबला नाही.
आधी नुसती घरघर, जमिनीतून तणसात, तणसातून मांडीत.
मग राइस मिलचा पट्टा वेग धरतो
तसं काहीतरी चढत गेलं, चढत गेलं,
आणि तुटलं.
एक श्वास. दीड श्वास.
दोन हजार माणसं शालीतून मान काढून बसलेली.
मग ते पडलं,
आणि छबी डोंगरवार नाचली.
तिच्या अंगात ताप होता, हे फक्त मला ठाऊक.

वन्समोर तीनदा.
चिठ्ठ्यांचा ढीग. सरपंच, सोसायटी, पानठेलेवाला,
वडसा डेपोचे दोन कंडक्टर मिळून पन्नास.
सगळ्यांत शेवटी धुरपता नेवारे आली, शिंगाडेवाली,
चिठ्ठीशिवाय.
दहा, दहा आणि एक नाणं. तलावाच्या पाण्यानं ओलं.
“छबीच्या नावानं?”
“नाही गा. छबीले देल्ले सगळ्यायनं. जिनं वाजवलं तिच्या नावानं.”
निकेश हसला. “ते स्वीडनची हाय, मावशी.”
“कोन्या तालुक्यात येते?”

त्यानं मोबाइल दाखवला.
फोटोत एक फिक्कट पोरगी,
कापलेल्या धानासारखे केस,
दोन्ही हातांत पुरस्कार, तिसरा काखेत.
चार भेटले यंदा, निकेश सांगत होता.
एक काचेचा, एक लोखंडी पिसाचा,
एक मिळाला तेव्हा ती जागची उठलीच नाही,
तिला वाटलं दुसऱ्याचं नाव घेतलं.
सिग्ने वेस्टरलुंड. मी दोनदा म्हणून पाहिलं.
जिभेला जमेना.
धुरपता म्हणाली,
“चार भेटले तं भेटले. आमचं कोठी भेटलं तिले?”

तेव्हा मी माईक ओढला.
*धुरपताबाई नेवारे यांच्याकडून
सगुणाबाई वेस्टरलुंड, मुक्काम पोस्ट स्वीडन, यांस
रोख रुपये एकवीस.
मंडळ त्यांचं आभारी आहे.*
मागे कुणीतरी शिट्टी मारली.
मग टाळ्या. नीट, घरच्या माणसासाठी वाजवाव्यात तशा.

पहाटे चारला ज्याचं त्याचं वाटून झालं.
सगुणाबाईचे राहिले.
पोस्टमास्तर बावनकर म्हणाले, मनीऑर्डर तिकडे जात नाही,
आणि गेली तरी खर्च पाचपट.
निकेशनं तिला मोबाइलवर लिहिलं. इंग्रजीत, मग मराठीत,
मग नुसता हात जोडल्याचा फोटो.
उत्तर नाही.
पाकीट वहीत ठेवलं, शेवटच्या पानाला टाचून.
दरसाल हिशेबाला अध्यक्ष विचारतात, हे काय?
देणे बाकी, मी म्हणतो.
एकदा ते म्हणाले, चहा सांगू त्यातून.
मी वही मिटली.

परवा मंडई झाली.
निकेशचं आता लग्नाचं डीजे आहे, तरी आला होता.
म्हणाला, काका, यंदा सगुणाबाईले एकबी नाही भेटला,
नाव सुद्धा नव्हतं यादीत.
धुरपता टोपली टेकवून ऐकत होती.
शिंगाडे सोलून तिची नखं काळी,
एक डोळा आता दुधाळ.
“आपले पोचले का गा?”
“वाटेत हायेत,” मी म्हणालो.
ती बराच वेळ कनवटी सोडत राहिली.
“मंग हे बी धाड. यंदा तिले लागन.”

दहाची नोट. मी वहीत लिहिलं: एकूण एकतीस.
नाटक संपलं होतं, मंडपवाले बांबू सोडत होते,
माईकची वायर निकेशनं कधीच गुंडाळली होती.
ती हलेना.
म्हणून मी उभा राहिलो, घसा साफ केला
आणि रिकाम्या तणसाला पुकारून सांगितलं,
आवाज तोच.