प्रश्न चौथा, उपप्रश्न ब

कॉन्सेप्सिओन. संध्याकाळचे सात, तिसरा मजला.
सेपुल्वेदा बाईंच्या बाहीला खडू लागलाय,
त्यांना पत्ता नाही.
‘घातांकी वितरणाला स्मृती नसते,’ त्या सांगतात,
‘तीन तास थांबा नाहीतर तीस वर्षं,
पुढची वाट तेवढीच.’
नाउएल उतरवून घेतो.

घरी, शेजारच्या खोलीत, एल्बा मावशी.
खुंटीला तिची पिशवी:
टॉर्च, कागदपत्रं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या,
आणि बिस्किटांचा पुडा, जो ती दर मार्चमध्ये बदलते.
जुना नाउएलला चहात बुडवून संपवावा लागतो.

हादऱ्यांची फाइल: बारा हजार ओळी,
दोन धक्क्यांमधली मिनिटं, नुसती मिनिटं.
कोण कुठल्या टेबलाखाली होतं, असा रकाना नाही.
तो सूत्र बसवून बघतो. बसत नाही.
छोट्या मिनिटांचीच सुरुवातीला दाटी,
एक धक्का दुसऱ्याला हाक मारतो,
दुसरा तिसऱ्याला,
मग हाका विरळ होत जातात
पण थांबल्या असं म्हणावं, तर तेही नाही.

रात्री दीडला पेल्यातलं पाणी थरथरतं.
मावशी अंथरुणातूनच: ‘चार पॉइंट दोन.’
नाउएल मोबाइलवर बघतो. चार पॉइंट तीन.

उपप्रश्न ब खाली तो लिहितो:
हे प्रारूप अपुरं आहे. जमिनीच्या लक्षात राहतं.
मग दुसरं वाक्य खोडून
‘तीव्रता गतघटनांवर अवलंबून असते’ असं करतो,
कारण गुण त्याला आहेत.

भिंतीपलीकडे
पिशवीची चेन उघडल्याचा आवाज,
थोड्या वेळानं
लावल्याचा.