चौसष्टवर दोन हजार

मिरजेत स्टेशनच्या वाटेवर माझी टपरी होती,
वर पाटी: येथे गाणी भरून मिळतील.
ट्रकवाले यायचे, ऊसतोडीला निघालेली पोरं,
दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसून विटलेले नातेवाईक.
सगळ्यांचं एकच, कार्डात किती बसतील?
एकशे अठ्ठावीसवर हजार, मी सांगायचो,
चौसष्टवर दोन हजार.
दोन हजार म्हटलं की गिऱ्हाईक
शेंगांच्या मापावर वरची मूठ मिळाल्यासारखं हसायचं.

टाळ वाजायचे ते पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे,
ढोलकीवर थाप पडायच्या आधीच थापेची धूळ उठायची.
पण इंजिनाच्या घरघरीत कोण ऐकतंय?
मीही नाही ऐकलं.
मी मोजत होतो.

एका दुपारी सतारमेकर गल्लीतून दस्तगीरचाचा आले,
कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा.
टोरंटोच्या वैजयंतीबाईंना तानपुरा ऐकवायचा होता.
जवारी पसंत पडली, की उरलेले पैसे.
फोनवरून तीनदा पाठवला,
तीनदा बाईंचं तेच:
सुरात आहे, पण बोलत नाही.

म्हटलं, चाचा, फोन आवाज दाबून पाठवतो.
म्हणजे रे?
म्हणजे मोठ्या आवाजाच्या कुशीतला बारीक आवाज
माणसाला नाहीतरी ऐकू येत नाही,
तो काढून टाकतात. जागा वाचते.
ऐकू येत नाही, हे कुणी ठरवलं?
शास्त्र आहे चाचा, तपासून बघितलंय.
कुणाच्या कानावर?

रात्री अकरानंतर, शंटिंग थांबल्यावर,
उसना माइक घेऊन मी त्यांच्या कारखान्यात बसलो.
छताला भीमाकाठचे भोपळे टांगलेले, पोटं रिकामी.
चाचांनी घोडीवर कानस फिरवली, दोन वेळा, फुंकर मारली,
तारेखालचा दोरा केसभर सरकवला.
आणि तार उघडली.
पंचम, सा, सा, खर्ज. एवढंच लावलेलं.
गंधार कुणी लावलाच नव्हता,
तरी तो खोलीत येऊन बसला होता,
माझ्या उजव्या खांद्याशी.

घरी येऊन तेच रेकॉर्डिंग चौसष्टवर दाबून पाहिलं.
गंधार होता,
हजेरीपटावर असतो तसा,
नाव लिहिलेलं, पोरगं गैरहजर.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेलो.
तुम्हीसुद्धा काढताच की चाचा.
भोपळ्याचा गर, बिया, दांडीचं लाकूड, हे हाडाचं पीठ.
त्यांनी मान वर केली नाही.
काढतो. मग कान लावतो. पुन्हा काढतो, पुन्हा लावतो.
तू कधी लावलास?

वीस मिनिटं, न दाबलेली, दोनशे एमबी.
तेवढ्यात मी शंभर गाणी कोंबली असती.
नेट एकसष्ट टक्क्यांवर अडलं, परत पहिल्यापासून,
पहाटे कधीतरी गेलं.
पैसे आले. निरोप काही आला नाही.
चाचांनी त्याच दिवशी दुसरा भोपळा कापायला घेतला.

त्या आठवड्यात तासगावला जायला
द्राक्षाच्या टेम्पोत पुढं जागा मिळाली.
ड्रायव्हरनं कार्ड लावलं. माझंच, माझ्याच अक्षरात नंबर.
मी कान लावला, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि लाजेनं खिडकीबाहेर बघत राहिलो.
सगळं सपाट, जणू कुणी लाटणं फिरवलेलं.
ड्रायव्हरचं नाव मारुती येडगे.
तो मोठ्यांदा गात होता,
टाळ विरघळले होते तिथं
स्टेअरिंगवर अंगठी आपटत होता,
टिण, टिण, थोडी उशिरा,
मणेराजुरीच्या चढावर गिअर बदलताना एक चुकवून.

हा आवाज मी भरून दिला नव्हता.